हातात ग्लास आला की

"वाजलो," कायतानबाब म्हणाला. "वत तो."

चमचा काचेला एकदाच लागला होता. आवाज झाला असेल नसेल. पण कायतानबाबचं बोट बेसिनकडे वळलं आणि मी मुकाट्यानं ग्लास ओतून टाकला. वाया गेलं ते काही खरं नव्हतं. व्हिस्कीच्या जागी कोरा चहा होता आणि पोर्ट वाइनच्या जागी कोकमाचं आगळ. खरी आयरिश व्हिस्की शिकाऊ माणसाच्या हाती देण्याइतका तो खुळा नव्हता.

"चमचो वाजलो म्हणजे दारू भियाली," तो म्हणाला. "भियालेली दारू माणसाक चडता, पण बरी लागणा नाय. परत कर."

मी परत बर्फ घातला.

बेळगावात कँपातल्या एका जुन्या क्लबात कायतान लोबो हेड बारमन होता आणि मी, गुणाजी मयेकर, त्याच्या हाताखालचा दुसरा. तो आरोंद्याचा, मी शिरोड्याचा. दोघं एकाच वाऱ्यातले, म्हणून मालवणी बोलायला त्याला मी आणि मला तो. मी जातीनं भंडारी, बाप माडावर चढून माडी काढायचा. त्यावरून तो मला छेडायचा. "सात पिढ्यांची दारू तुज्या रगतात आसा. रगतातली हातात कदी येतली ती सांग."

एवढा सगळा खटाटोप एका रविवारच्या ड्रिंकसाठी. क्लबात व्हिस्की-सोडा, रम-कोला कोणीही ओतून देई. पण रविवारी दुपारच्या जेवणाआधी दहा-बारा ग्लास बनत, ते कायतानबाबचे. दोन भाग आयरिश व्हिस्की, एक भाग पोर्ट, कडू अर्काचे दोन थेंब. जाड काचेच्या उंच भांड्यात बर्फावर हे सगळं घालायचं आणि लांब दांड्याच्या चमच्यानं ढवळायचं. मग गाळून लहान ग्लासात ओतायचं आणि वरून संत्र्याच्या सालीची चकती पिळायची. रंग पिकल्या जांभळासारखा, आणि आरपार. मेंबरांनी त्याला काहीतरी इंग्रजी नाव दिलं होतं. कायतानबाब त्याला नुसता 'ऐतवार' म्हणे. "बारा ऐतवार काढ," म्हणजे बारा ग्लास फ्रीजमध्ये ठेव.

पहिल्याच आठवड्यात मी त्याची वाट लावली होती. तो म्हणाला, "आता हालय." आमच्या घरी आई म्हणायची, "गुण्या, आमटी हालय," तेव्हा मी पळीनं ढवळायचो. आणि औषधाची बाटली हालय म्हणायची, तेव्हा बाटली गदागदा हलवायचो. मी विचार केला, ही बाटलीतली वस्तू आहे. स्टीलचा डबा उचलला, झाकण लावलं आणि घुसळून काढला. पोर्ट गढूळ झाली, वर गुलाबी फेस आला, लहान मुलाच्या खोकल्याच्या औषधासारखा. कायतानबाबनं डबा बेसिनमध्ये उपडा केला. मग म्हणाला, "चूक तुजी नाय. शब्दाची आसा." त्या दिवसापासून आमच्या बारमध्ये 'हालय' हा शब्द बंद. 'ढवळ' म्हणायचं.

ढवळायचं किती, याला घड्याळ नव्हतं. दोन 'नमान मोरिये' होईपर्यंत. ती त्यांची मारियामातेची प्रार्थना. कायतानबाब ती तोंडातल्या तोंडात पुटपुटत चमचा फिरवी. दुसरी संपली की हात थांबे. कमी ढवळलं तर दारू जाळते, जास्त ढवळलं तर पाणचट होते. मी हिंदू, पण चमच्यापायी ती प्रार्थना मला पाठ झाली. कोकणीतला निम्मा अर्थ कळत नव्हता, पण लांबी बरोबर कळे.

आणि एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. कायतानबाब दारू पीत नव्हता. त्याचा थोरला भाऊ पिऊन होडीत चढला आणि तेरेखोलच्या खाडीत बुडाला. त्याला पुरलं त्या दिवशी यानं शपथ घेतली, की थेंब जिभेला लावणार नाही. तीस वर्षं बारमागे उभा राहिला आणि शपथ मोडली नाही. ड्रिंक जमलं की नाही ते तो वासावरून आणि रंगावरून ओळखे, भांड्याला बाहेरून आलेल्या घामावरून ओळखे. चव मला घ्यायला लावी आणि माझ्या तोंडाकडे बघे. असा बारमन असतो हे कोणाला सांगूनही पटलं नसतं. तोही कधी कोणाला सांगायच्या फंदात पडला नाही.

माझं सहावं वर्ष चालू होतं तेव्हा त्याचा उजवा हात थरथरायला लागला.

आधी मला वाटलं, सवय असेल. अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर फिरत राहायचं, चिमटीत तंबाखू मळत असल्यासारखं. पुढे मनगटापर्यंत आलं. पण त्यात गंमत अशी, की हात रिकामा असला तरच. फडका हातात घेतला की थरथर कमी. चमचा घेतला की बंद. तोच हात ढवळताना इतका स्थिर, की माझा चमचा दहा वेळा वाजे तेव्हा त्याचा एकदाही वाजत नसे. त्यामुळे बारमध्ये त्याचा हात रिकामा कधी दिसायचाच नाही. पुसलेला ग्लास परत पुसायचा, ठेवलेली बाटली परत उचलायची.

एके दिवशी तो डॉक्टरकडे जाऊन आला. "कंपवात म्हणतत," मला म्हणाला. "हळूहळू वाडतलो. पण काम करीत रवा, म्हणालो डॉक्टर. हात रिकामो ठेवू नको." मग माझा दंड धरून म्हणाला, "गुण्या, ह्या तुज्या-माज्यात रवांदे. सायबाक कळला तर घराक धाडतले. घराक जावन मी काय धरू हातात?"

बायको जाऊन दहा वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. क्लबच्या मागची एक खोली आणि हे काउंटर, एवढंच त्याचं होतं. मी म्हटलं, "कोणाक सांगूचंय नाय." आणि ते मनापासून म्हटलं.

मग तो रविवार आला. कायतानबाब तापानं फणफणला होता. तरी इस्त्रीचा कोट घालून बारमागे येऊन उभा राहिला. "आज तू ढवळ," म्हणाला. "मी नुसतो उबो रवतंय."

बारा ग्लास मी बनवले. खऱ्या व्हिस्कीचे, खऱ्या पोर्टचे, पहिल्यांदाच सगळेच्या सगळे मी. चमचा एकदाही वाजला नाही. दोन प्रार्थना, बरोबर दोन. ओतला तेव्हा रंग असा आला की माझं मलाच हसू आलं. फॉरेस्टमधून रिटायर झालेले कर्णिक साहेब रविवार चुकवत नसत. त्यांनी घोट घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले, "वा, कायतान. आज तर कमाल केलीस. इतक्या वर्षांत असं ड्रिंक प्यालो नव्हतो."

मी कायतानबाबकडे बघितलं. त्यानं मान झुकवली आणि म्हणाला, "थँक्यू सर."

बस. एवढंच. नंतर मला काहीतरी बोलेल म्हणून मी वाट बघितली. बारा ग्लास धुतले, पुसले, लावले. तो खुर्चीत बसून होता, तापानं डोळे लाल झालेले. काही बोलला नाही. आज मला कळतं, तापलेल्या माणसाला दुपारी एक वाजता काय सुचणार. तेव्हा कळलं नाही. मला ते लागलं, आणि लागलेलं मी जपून ठेवलं.

तीन आठवड्यांनी, एका सोमवारी सकाळी सेक्रेटरींचं बोलावणं आलं. सेक्रेटरी म्हणजे मेजर रणदिवे, रिटायर्ड. आधी कायतानबाबला आत घेतलं. मी बाहेर बाकावर बसलो. दार बंद होतं. दहा मिनिटांनी तो बाहेर आला, रिकामा उजवा हात डाव्या हातानं धरून. माझ्याकडे बघून नुसतं म्हणाला, "तुका बोलावतत." मी आत गेलो.

"बस गुणाजी," मेजर म्हणाले. असं ते कधी म्हणत नसत. मी उभाच राहिलो.

"एका मेंबरची तक्रार आहे. सकाळी दहा वाजता व्हरांड्यात कायतानला बघितलं त्यांनी. हात थरथरत होते. आणि दुपारी बारमध्ये तोंडातल्या तोंडात काहीतरी बरळत होता म्हणे. तू सहा वर्षं त्याच्या शेजारी उभा आहेस. मला खरं सांग. त्याचा हात हलतो?"

"हलतो, साहेब."

"सकाळी?"

"सकाळी जास्त."

"आणि पुटपुटतो?"

"पुटपुटतो, साहेब."

मेजर खुर्चीत मागे रेलले. "मी त्याला विचारलं, हात पुढे कर. केला. असा हलत होता. मी म्हटलं, हे काय आहे? तर मला काय म्हणाला माहितेय?" ते हसले. "म्हणाला, साहेब, हातात ग्लास द्या, लगेच थांबतो की नाही बघा."

मला क्षणभर कळेना ते का हसताहेत. मग कळलं. सकाळी उठल्यावर ज्याचे हात कापतात आणि पेला हाती आला, घोट पोटात गेला की थांबतात, अशी माणसं फौजेत मेजरांनी कितीतरी बघितली असतील. मीही बघितली होती, बापाच्या माडीच्या धंद्यात. कायतानबाबनं बिचाऱ्यानं ग्लास मागितला होता तो रिकामा, धरायला.

"खरं आहे का हे?" मेजरांनी विचारलं. "थांबतो?"

"खरं आहे, साहेब," मी म्हटलं. "हातात ग्लास आला की थांबतो."

"ठीक आहे. जा तू."

मी बाहेर आलो. एक शब्दही खोटा बोललो नव्हतो.

संध्याकाळपर्यंत सगळं उरकलं. क्लबनं त्याची अब्रू राखली, असं त्यांचं म्हणणं. काढून टाकलं नाही, राजीनामा लिहून घेतला. स्वयंपाकघरात मात्र चहाबरोबर बातमी फिरली, की कायतान सकाळपासून चोरून लावत होता, म्हणून गेला. कोणी म्हणालं, बारमन पिणार नाही तर काय माळकरी पिणार. मी तिथंच उभा होतो. चहा प्यालो आणि कप विसळून ठेवला.

बुधवारी सकाळी मी त्याला बसस्टँडवर सोडायला गेलो. एक पत्र्याची पेटी, एक पिशवी. सावंतवाडीची गाडी लागली होती. पेटी मी टपावर चढवली. तो खिडकीशी बसला, मी खाली उभा राहिलो.

"गुण्या," तो म्हणाला, "माका एक सांग. सायबान तुका विचारल्यान, तेवा तू काय सांगलंस?"

मी टपावरच्या पेटीकडे बघितलं.

"सांगलंय," मी म्हटलं. "हातात ग्लास इलो काय थांबता म्हणान."

त्याचे डोळे भरले.

"सांगलंस तर तू," तो म्हणाला. "माका वाटला होता, मी कोणाक सांगा नको म्हटलंय म्हणान तू गप रवलंस असतलंस. तोंडार सांगलंस. मगे सायबाकच समाजला नाय, तेका तू तरी काय करतलंस?" त्यानं खिडकीतून हात बाहेर काढून माझ्या खांद्यावर ठेवला आणि खांदा घट्ट धरला. हात अजिबात हलत नव्हता. "मनाक लावन घेव नको," तो म्हणाला.

कंडक्टरनं घंटी मारली. गाडी गेली.

मी तेव्हाच पळत क्लबात जाऊन मेजरांना सांगू शकलो असतो. साहेब, तो पीत नाही, कधीच प्यायला नाही. तो आजार आहे. पुटपुटतो ती प्रार्थना आहे, ढवळण्याचं माप आहे. चार वाक्यं लागली असती. वचनाचा प्रश्न उरला नव्हता, कारण ज्या भीतीनं त्यानं वचन घेतलं होतं ती गोष्ट होऊन गेली होती. स्टँडपासून क्लबापर्यंत मी चालत आलो आणि त्या चार वाक्यांपैकी एकही माझ्या तोंडून निघालं नाही. दुपारी हेड बारमनच्या कोटाचं माप घ्यायला शिंपी आला. मी हात पसरून उभा राहिलो.

त्यानंतर एकोणीस वर्षं मी त्या बारमागे हेड म्हणून होतो. दर रविवारी ऐतवार बनवला. कर्णिक साहेब गेले, मेजर रणदिवे गेले, नवे मेंबर आले. ड्रिंक चांगलं झालं की जुने लोक म्हणत, "अगदी कायतानसारखं." माझं नाव त्याला कधी लागलं नाही. लागलं असतं तरी मी काय केलं असतं, देव जाणे.

तो असेपर्यंत आरोंद्याला मी गेलो नाही. दर वर्षी म्हणायचो, मे महिन्यात जाऊ. मे महिन्यात सावंतवाडीच्या गाडीचा कंडक्टर क्लबात येऊन एक बाटली देऊन जाई. कोकमाचं आगळ. बरोबर चिठ्ठी नसे, नुसता तोंडी निरोप, "सरावाक. आता तू कोणाक तरी शिकयत असतलंस." ती बाटली मी घरी नेत असे. बायको सोलकढी करी. माझ्या घशाखाली ती उतरत नसे, आणि तिला वाटे मीठ जास्त झालं.

सातव्या वर्षी मेमध्ये बाटली आली नाही. जूनच्या सुरुवातीला त्याच कंडक्टरनं निरोप आणला, कायतान गेला, उद्या सकाळी माती. मी पहाटेच्या पहिल्या गाडीनं निघालो.

आरोंद्याला पोचलो तेव्हा दहा वाजले होते. त्याच्या बहिणीचं घर, आंजेलिनबायचं, खाडीच्या वाटेवर. पुढच्या पडवीत माणसं बसली होती, पुरुष एका बाजूला, बायका एका बाजूला. मधल्या खोलीत शवपेटी ठेवलेली. मी दाराशी चपला काढल्या आणि बाजूला उभा राहिलो. मला तिथं ओळखणारं कोणी नव्हतं, आणि तेच बरं वाटत होतं.

म्हातारी आंजेलिनबाय आतून आली. माझ्याकडे बघितलं, जवळ आली.

"तू बेळगावचो? गुण्या?"

मी मान हलवली.

तिनं माझा हात धरला तो सोडलाच नाही. पडवीतल्या माणसांकडे वळली आणि मोठ्यानं म्हणाली, "ह्यो बगा तो. आयकलास? ह्यो तो गुण्या."

माणसं बघायला लागली. कोणी उठून उभं राहिलं.

"माजो भाव हय इलो तेवा गावान काय काय म्हटला नाय," ती मला सांगू लागली, पण ते त्यांच्यासाठी होतं. "पिऊन नोकरी घालवल्यान म्हणत. चर्चात सुदां बाजूक बसत नसत. हात बगत आणि हसत. सात वर्सां तो एकच सांगायचो. म्हणायचो, ह्यो कंपवात, रिकामो ग्लास धरलो तरी हात थांबता, गुण्याक विचारा. बेळगावात माजो गुण्या आसा, तेणी सायबाच्या तोंडार सांगल्यान. म्हणायचो, एक माणूस जरी खरा बोललो तरी माका पुरे. तेच्यारच जगलो तो. मान वर करून जगलो."

मला तिथून जायचं होतं. तिनं हात घट्ट धरला होता.

"काल रात्रीपासून मी सांगतंय, तो येतलो. सांग तेंका. तू सायबाक सांगलंस तसाच सांग. तेच शब्द सांग, माज्या भावाच्या म्होरं."

मी पेटीकडे बघितलं. उजवा हात छातीवर ठेवलेला होता, बोटांत जपमाळ गुंडाळलेली. पडवीतली सगळी माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती. सांगितलं नाही तर तो खोटा ठरत होता. सगळंच सांगितलं असतं, तर सात वर्षं ज्याच्यावर तो जगला तेच मी त्याच्या पेटीसमोर काढून घेणार होतो. बहिणीचा हात माझ्या हातात होता.

"मी म्हटलंय," मी बोललो, "खरा आसा, सायब. हातात ग्लास इलो काय थांबता."

आंजेलिनबाय रडायला लागली. एक म्हातारा पुढे आला आणि माझ्या पाठीवर हात ठेवून मला पेटीच्या डोक्याशी घेऊन गेला, घरच्या माणसांच्या जागी.

मेजरांच्या ऑफिसात हेच वाक्य बोललो तेव्हा मी हसलो होतो. साहेब हसले म्हणून, त्यांच्याबरोबर, त्यांना जे समजलं होतं तेच मलाही समजलंय असं दाखवत. शब्द तेच होते. आरोंद्याला मी हसलो नाही, तेवढाच काय तो फरक.